हिरवं पडलेलं नाणं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. मोतीबिंदू काढलेल्या त्यांच्या वडिलांची पट्टी आत डॉक्टर सोडत होते. बहिणीच्या रुमालात तांब्याचं जुनं नाणं होतं, हिरवं पडलेलं.

“ताई, लिंबाने घासलं असतं तर लखलखलं असतं.”

“आणि वरची अक्षरंही गेली असती. बाबांनी जन्मभर जमवलेल्या एकाही नाण्याला कुणाला हात लावू दिला नाही.”

“पण त्यांना हे दिसलंय कुठे? रोज अंगठा फिरवतात आणि म्हणतात, माझं सोन्यासारखं नाणं. आता बघतील तेव्हा वाईट वाटेल त्यांना.”

“म्हणून तर जुनी नाणी विकणाऱ्या एकाला विचारलं मी. हिरवं पावडरीसारखं सुटत असेल तर म्हणे आणून दाखवा. घट्ट असेल तर ती त्याची कातडीच समजा, सोलू नका.”

“मग?”

“नखाने बघितलं. घट्ट आहे.”

“ठीक. मग बाबांना तूच सांग. मला नाही जमायचं.”

दार उघडलं. वडील भिंतीला धरून बाहेर आले. बहिणीने रुमाल पुढे केला.

“बाबा, हे असं झालंय. आम्ही काही लावलं नाही याला.”

“बरं केलंत. अंगठ्याला खरखरीत लागायचं, तेव्हाच कळलं होतं मला.”

“मग सोन्यासारखं कशाला म्हणायचात?”

“तुम्ही लगेच घासायला बसला असतात.”

त्यांनी नाणं खिशात टाकलं, मग मान वर करून लेकीकडे बघत राहिले.

“तुझे केस कधी पिकले गं एवढे? ते कुणी बोललंच नाही मला.”