चार वीसची बोट आणि आपल्या पाळकबाई

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या मंडळीच्या प्रमुख आदरणीय गुन्वोर सेल्योर्ड, व्यासपीठावर बसलेले आपले नगराध्यक्ष, शहराहून मुद्दाम आलेले वरिष्ठ पाळक, ज्यांना आपण आज निरोप देतो आहोत त्या पाळक योर्दिस त्वेइतेन, आणि हेल्लेविकच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. योर्दिसबाईंविषयी पाच मिनिटांत बोलायचं! ज्या बाई एकोणीस वर्षांत एकदाही बोटीवर पाच मिनिटं आधी आल्या नाहीत, त्यांच्याविषयी! गुन्वोर, मी आत्ताच सांगून ठेवतो, मला जास्त वेळ लागणार आहे. वॅफल गार झाले तर झाले.

मी अस्गाइर मेलांड. तुम्ही सगळे मला ओळखता, पण शहरातल्या पाहुण्यांसाठी सांगतो. मी आपल्या फियॉर्डवरच्या फेरीबोटीवर एकतीस वर्षं कॅप्टनच्या हाताखाली मेट होतो. गाड्या आत घ्यायच्या, वेळ झाली की पुढचा रॅम्प वर उचलायचा, हे माझं काम. या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी किनाऱ्यावर उभं राहून मला शिव्या घातलेल्या आहेत. मी ऐकून घेतल्या. कारण वेळ म्हणजे वेळ. चार वीस म्हणजे चार वीस.

आता बाईंचं ऐका. वरच्या वळणावर त्यांची गाडी दिसायची, दिवे उघडझाप करत. म्हणजे काय, तर अस्गाइर, थांब रे, मी येतेय! का उशीर? तर कुणाची तरी म्हातारी आई रस्त्यात भेटली. कुणाचा तरी कुत्रा मेला. एकदा तर शवपेटी बोटीवर चढली, नातेवाईक काळे कोट घालून चढले, आणि जिनं अंत्यविधी करायचा ती पाळकबाई मागे राहिली! हसताय काय? त्या दिवशी कॅप्टनची बोलणी मी खाल्ली.

माझ्या आधीच्या तीन वक्त्यांनी बाईंच्या शांत स्वभावाची फार स्तुती केली. मनःशांती, आश्वासक सहवास, मायेचा शब्द. मी तिथे मागे बसून दात खात होतो. या बाईंनी मला जेवढा वैताग दिला तेवढा उत्तरेच्या वाऱ्यानं दिला नाही. आणि तरी मी आज इथे उभा आहे. का, ते सांगायलाच आलोय. ज्याच्या परवानगीशिवाय हे सांगता आलं नसतं त्याची परवानगी मी घेतली आहे.

सात वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. गुरुवार. धुकं असं, की पाण्यातला धक्क्याचा शेवटचा खांब दिसेना. चार वाजून वीस मिनिटं झाली आणि वळणावर दिव्यांची उघडझाप झाली. गाडी दिसत नव्हती, फक्त दिवे. बाई त्या दिवशी आपल्या बाजूला घरभेटींना आल्या होत्या. मी म्हटलं, आल्या! झालं सुरू! त्या आठवड्यात मी त्यांच्यासाठी दोनदा थांबलो होतो. मनात म्हटलं, आज नाही. आज एकदा किनाऱ्यावर उभ्या राहू देत, म्हणजे कळेल. आणि मी रॅम्प उचलला.

त्या गाडीत बाई नव्हत्या. वरच्या शेतावरचा स्टाइनार ओर्सेट होता, आणि मागच्या सीटवर त्याची बायको तुरिद. तिच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडेना, म्हणून तो तिला गाडीत घालून धक्क्याकडे आला होता. पुढची बोट पाचला. तुरिद तीन दिवस हॉस्पिटलात होती, आणि रविवारी सकाळी गेली.

ती चाळीस मिनिटं मिळाली असती तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित काही फरक पडला नसता. कदाचित पडला असता. या 'कदाचित'नं माणसाचं काय होतं, हे ज्याचं झालंय त्यालाच विचारा.

चौकशी झाली. मी वेळेवर रॅम्प उचलला होता, नियमात बसत होतं. दिवे दिसले का, असं विचारलं. मी म्हटलं, धुकं होतं, लांब काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. कागदावर मी निर्दोष. सगळे पाठीवर थाप मारून म्हणाले, अस्गाइर, मनाला लावून घेऊ नकोस. अरे, मनाला लावून घ्यायचं की नाही हे मला विचारून ठरतं का?

मी दाढी करायचो आणि मनात येई, तू मारलंस तिला. बटाटे सोलायचो, तू मारलंस. रॅम्पच्या बटणावर हात ठेवला की दरदरून घाम. तीस अंक मोजले असते तर, वीस मोजले असते तर, एकदा मान वर करून नीट बघितलं असतं तर. दवाखान्यात गेलो, गोळ्या दिल्या, थोडी झोप यायला लागली. त्या डॉक्टरीणबाईंचे मी आभारच मानतो. पण जागा झालो की विचार उशाशी हजर. शेवटी सात आठवड्यांनी मी पाळकबाईंच्या दारात गेलो. दुसरं कोण होतं?

त्या माशाचं सूप करत होत्या. मी बूटही काढले नाहीत. म्हटलं, "बाई, एक तर मला सांगा की मी गुन्हेगार आहे, नाहीतर सांगा की नाही. हे मधलं मला झेपत नाही."

"दोन्हीतलं काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही इथे आहात कशाला?"

"न्याय करायला नाही. ती खुर्ची माझी नव्हे, अस्गाइर. तुझीही नव्हे. सात आठवडे तू तिच्यावर ठाण मांडून बसलायस आणि रोज स्वतःला शिक्षा सुनावतोयस. ज्याची आहे त्याला बसू दे. तू उठ."

मला असा संताप आला! माणूस बुडतोय आणि ही खुर्च्यांच्या गोष्टी सांगतेय. संतापाच्या भरात जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. "मला दिवे स्पष्ट दिसले होते. मला वाटलं त्या गाडीत तुम्ही आहात! तुम्हाला धडा शिकवायला मी रॅम्प उचलला!"

बाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्यांनी एक वाडगा भरून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाल्या, "बस. सूप घे."

त्या दिवशी त्यांनी मला एक प्रार्थना दिली. ठरलेल्या शब्दांची नव्हे. रोज चार वीसला, बोट सुटली की डेकवर उभं राहायचं आणि मोठ्यानं तीन गोष्टी बोलायच्या. जे घडलं ते, जसंच्या तसं. मग जे मला माहीत नाही ते. आणि मग, "प्रभू, जे मला माहीत नाही ते तुला माहीत आहे, ते तू सांभाळ, मी सांभाळू शकत नाही." बाई म्हणाल्या, "विचार येतील. त्यांना हाकलत बसू नकोस, आणि त्यांच्याशी एकट्यानं वादही घालू नकोस. आला की त्याच्या दंडाला धर आणि प्रभूसमोर नेऊन उभा कर. खरा असेल तर तो क्षमा करील. खोटा असेल तर त्याच्यासमोर टिकणार नाही."

मी केलं. पावसात केलं, बर्फात केलं. "मी रॅम्प उचलला. मला राग आला होता. ती वाचली असती का, मला माहीत नाही." एका जर्मन प्रवाशानं घाबरून विचारलं, बोट बुडतेय का? अकरा महिने केलं! काही फरक पडला नाही. अकरा महिन्यांनी मी परत बाईंच्या दारात. म्हटलं, "तुमची प्रार्थना चालत नाही."

"देवाला सगळं सांगतोस?"

"शब्द न् शब्द."

"आणि स्टाइनारला काय सांगितलंस?"

मी म्हटलं, "चौकशीत सगळं आलंय."

"दिवे स्पष्ट दिसले होते, हे आलंय? राग आला होता, हे आलंय?"

मी दाराकडे वळलो. बाई म्हणाल्या, "क्षमा वरून मागायची आणि शेजारच्या शेतावर जायचं नाही, असा रस्ता मला तरी माहीत नाही. हे मी एकदाच बोलते. पुन्हा बोलणार नाही."

मी दार आपटून निघालो. चार महिने चर्चचं तोंड बघितलं नाही. आणि बाईंनी खरंच पुन्हा एक अक्षर काढलं नाही! बोटीवर भेटायच्या, उशिराच अर्थात, आणि म्हणायच्या, "नमस्कार अस्गाइर, आज गारठा आहे." बास. त्यांनी ओरडायला हवं होतं, म्हणजे मला उलट ओरडता आलं असतं. गारठा आहे! यावर माणूस काय भांडणार?

शेवटी एप्रिलमध्ये गेलो. स्टाइनार कोठारात मेंढीची खुरं कापत होता. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दिवे दिसले. वाटलं बाई आहेत. मुद्दाम उचलला. त्यानं मेंढीचा पाय सोडला नाही, वर बघितलं नाही. सगळं ऐकून म्हणाला, "जा."

मी गेलो. तुम्हाला वाटेल, खरं बोललो म्हणून हलकं वाटलं असेल. छे! त्या तीन आठवड्यांइतके वाईट दिवस मी आयुष्यात काढले नाहीत. आधी मी एकटाच स्वतःला दोषी म्हणत होतो, आता त्यालाही कारण मिळालं होतं. पुढच्या आठवड्यात मी कंपनीच्या कचेरीत जाऊन माझा जबाबही दुरुस्त करून दिला. म्हटलं, आता अर्धवट काही ठेवायचं नाही.

तीन आठवड्यांनी स्टाइनार चार वीसच्या बोटीवर चालत आला. गाडी नाही, पिशवी नाही, पलीकडे त्याचं काही काम नाही. बोट सुटली. तो माझ्याशेजारी कठड्याला टेकला आणि म्हणाला, "लोक म्हणतात, तू इथे रोज काहीतरी पुटपुटतोस. काय पुटपुटतोस?"

मी सांगितलं. तिन्ही गोष्टी, जशाच्या तशा.

त्यानं कोटाची कॉलर वर केली. मग म्हणाला, "तिचं डोकं दोन वाजता दुखायला लागलं. मी म्हटलं, गोळी घे आणि पड जरा. आणि मी चारा टाकायला गेलो. परत आलो तेव्हा तिला शब्द जुळवता येत नव्हते. तू दोन मिनिटांचं घेऊन बसलायस, अस्गाइर. माझ्याकडे दोन तास आहेत."

मंडळी, मी पाळक नाही. मी एवढंच म्हटलं, "तूही बोल. प्रभूला सांग." स्टाइनारनं टोपी काढली. तो बोलला, आणि मी ऐकलं. मग मी बोललो, आणि त्यानं ऐकलं. पलीकडचा धक्का आला तेव्हा दोघांचीही नाकं वाहत होती, आणि मी गाड्या सोडायच्या विसरलो. मागून भोंगे सुरू झाले.

आकाश वगैरे काही उघडलं नाही. विचार आजही येतात. कालसुद्धा आला होता, तुमच्यासाठी हे भाषण लिहिताना. पण आता तो आला की कुठे न्यायचा ते मला माहीत आहे, आणि नेईपर्यंत सोबतीला कोण आहे तेही माहीत आहे. त्याच उन्हाळ्यात एकदा बोट पलीकडे लागली, गाड्या उतरल्या, आणि माझ्या लक्षात आलं की आज चार वीस होऊन गेले आणि मला काही जाणवलंच नाही. मी घाबरलो! धावत बाईंकडे गेलो. म्हटलं, मी तुरिदला विसरायला लागलोय. बाई म्हणाल्या, "विसरला असतास तर धावत आला नसतास. ओझं प्रभूनं घेतलंय तुझं. आता जेव नीट."

गुन्वोर, चिठ्ठी दिसली. संपवतोय.

दोन आठवड्यांपूर्वी मी बाईंची पुस्तकं खोक्यात भरायला गेलो होतो. भरता भरता त्या सहज म्हणाल्या, "अस्गाइर, मला अजून येतो तो विचार. मी वेळेवर येणारी बाई असते, तर त्या दिव्यांसाठी तू थांबला असतास."

सात वर्षं! ऐकताय ना? सात वर्षं ही बाई आम्हाला सांगतेय की विचाराच्या दंडाला धरा, प्रभूसमोर न्या, एकट्यानं वाद घालू नका. आणि स्वतःचा विचार कोटाच्या खिशात घालून गावभर हिंडतेय! कुणाला सांगितलं नाही! मी असा भडकलो की हातातलं खोकं तिथेच टाकलं आणि थेट स्टाइनारच्या शेतावर गेलो.

स्टाइनार लोकांसमोर बोलत नाही. पण त्यानं मला निरोप दिलाय, आणि तो त्याच्याच शब्दांत सांगायला सांगितलाय. बाई, ऐका.

"योर्दिसला सांग, ती तीन दिवस हॉस्पिटलात माझ्याजवळ बसून होती. तुरिदचे केस तिनं विंचरले. तिच्याबद्दल मला एवढंच आठवतं, दुसरं काही नाही. बाकीचं तिनं प्रभूच्या हाती द्यावं, आम्हाला द्यायला लावलं तसं. आणि हे तिला जमत नसेल तर कळव म्हणावं. मी आणि अस्गाइर येऊन तिच्याशेजारी उभे राहू."

मी तुमचे आभार मानतो, योर्दिसबाई. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आणि इतका वेळ गार कॉफीसमोर बसून ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार मानतो. आयुष्यभर दोर ओढलेल्या माणसाचं बोलणं आहे. कुठे कुणाला काचलं असेल तर पोटात घाला.