हात मागं बांधून

मंडळी, बसून घ्या. मागच्यांनी पुढं या. नलिनीताईंच्या घरची माणसं भूगाववरनं आलीत, आपल्या संगणक वर्गातली सगळी म्हातारी पोरं आलीत. मी शेवंता, माले गावची. ताईंच्या फोटोपुढं भाषण करायची मला सवय न्हाई. पण सकाळपास्नं एक गोष्ट पोटात मावंना झालीया. ती सांगताना मी हसले तर राग मानू नका.

ताई मूळच्या अमरावतीच्या. हापिसातनं रिटायर झाल्या, लेकाकडं भूगावला आल्या, आन हितं घोटावड्याच्या समाजमंदिरात आमाला फुकट शिकवायला लागल्या. पयल्या दिवशी मला म्हणाल्या, "स्क्रीनवरचा बाण वर न्या." मी माऊसच उचलला, पार डोक्यापतूर! सगळे हसले. ताई न्हाई हसल्या. म्हणाल्या, "टेबलावर ठेवा शेवंताबाई, अन् पुढे सरकवा. घाई काऊन करून राहिल्या?"

आन ताईंचे हात? मागं बांधलेले. कायम मागं बांधलेले. कुणाच्या माऊसला त्यांनी कधी बोट लावलं न्हाई. एकदा मी रडकुंडीला आले. म्हटलं, "ताई, तुमीच दाबा की!" तर म्हणाल्या, "मी दाबून काय फायदा? मला तर येतेच."

पुढं मीबी शिकवायला लागले. दगडूआण्णा, ते बगा तितं बसलेत, लेकीला पत्र टाईप करत हुते. एकेक अक्षर शोधायचे. मला काय दम निघंना. कीबोर्ड माझ्याकडं वढला आन झटदिशी पत्र पुरं केलं. ताईंनी वाचलं. म्हणाल्या, "हे शेवंताबाईचं पत्र झालं. आण्णा, तुमचं कुठे आहे?" सगळं पुसायला लावलं! आण्णा आठ दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. व्हय का न्हाई, आण्णा?

तर अशा आमच्या ताई गेल्या. परवा तुमच्यातलेच काहीजण म्हणाले, "ताई न्हाईत, तर वर्ग कशाला? कुलूप लावा." मलाबी तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू? आज सकाळी मी कुलूप लावायलाच आले हुते.

तर दारात एक आजी उभ्या. पारूबाई. ताई गेल्याचं त्यांना ठावंच न्हाई. म्हणाल्या, "मला माझं नाव लिवायचंय त्या पडद्यावर." आता काय करू? बसवलं. कुठली अक्षरं दाबायची ते सांगितलं. आन मंडळी, मी माझे हात मागं बांधले.

'प' सापडंना! अगदी बोटाजवळ हुता, तरी सापडंना. माझी बोटं लई शिवशिवत हुती. एका हातानं दुसरा हात आवळून धरला. ताई, तुमी रोज कसं सोसत हुता वो हे? किती येळ गेला देव जाणे. आन सापडला! आन मग काना, 'र', ऊकारबी सापडला! पारू! पडद्यावर पारू! आजी ताडकन उभ्या राहिल्या. "म्या केलं व्हय गं?" म्हटलं, "तुमीच! माझे हात बगा कुटं हायेत!" आमी दोघी हसलो, रडलो, पुन्ना हसलो.

कुलूप या पिशवीत हाय. तितंच राहील. उद्या धाला वर्ग हाय, पारूबाई आडनाव लिवायला येणार हायेत.

आता दोन मिंटं सगळे उभे राहू, गप. ताईंपुढं हात जोडू नका.

हात मागं बांधा.