टेकूचं अंतर शून्य

...नाही पण मी म्हणतो, शिकवायला जायचंच कशाला माणसानं? लेकीचा उद्या फिजिक्सचा पेपर, तिला टॉर्कचं गणित सुटेना, एवढंच! "बाबा, फळीवर दोघं बसलेत, मधोमध टेकू, एकाचं वजन दिलंय, दुसऱ्याचं काढायचंय." म्हटलं, सोपंय गं, वजन गुणिले अंतर, दोन्हीकडे सारखं. "आणि टेकूवरचा भार?" त्याचं अंतर शून्य, तो धरायचाच नाही. इथं गप्प बसलो असतो तर... पण नाही, आमच्या अंगात मास्तर संचारलेला ना!

तर तुम्हाला सांगतो, गॅलरीतली फळी आणली, खाली बुटकं स्टूल ठेवलं, एका टोकाला आईला बसवलं. आईचं वजन कालच दवाखान्यात केलेलं, साठ. दुसऱ्या टोकाला बायको. "अहो, माझं अठ्ठावन्न. लग्नापासून तेवढंच आहे." बसली मात्र, आई वर! मग ही सरकतेय आत, सरकतेय, सरकतेय... फळी आडवी झाली तेव्हा लेकीनं टेप लावली. "आजी मधापासून एकशेवीस सेंटीमीटरवर, आई शंभरावर." आणि सकाळपासून जिला एक गणित येत नव्हतं, त्या कार्टीला हे तोंडी आलं हो! "आई, तू बहात्तर."



मी घाईघाईनं म्हटलं, "अगं, फळीचं वजन राहिलं." तर लेक म्हणते, "फळी मधोमध टेकलीय, तिचंही अंतर शून्य. धरायचं नाही, तुम्हीच म्हणालात." म्हटलं, बरं, मग दवाखान्याचा काटा बिघडलेला असेल, आजी अठ्ठेचाळीस धर, आई अठ्ठावन्नच्या आतच येते. झालं! इकडून आई, "म्हणजे मी खंगले म्हण की! बायकोचे किलो लपवायला आईला वाळवलंस?" तिकडून ही, "लपवायला म्हणजे? तुम्हालाही बहात्तरच वाटतात ना?" बरं, उतरा म्हणावं तर एक उतरली की दुसरी आपटणार! तेवढ्यात स्टुलाचा पाय कर्रकन वाजला. काय करणार? ओणवा झालो आणि पाठ लावली फळीखाली.

वर दोघींचं चाललंय, आणि लेक शांतपणे लिहितेय, "साठ अधिक बहात्तर..." "अठ्ठावन्न!" वरून आवाज. "...अधिक फळीचे धरू आठ. टेकूवर एकूण एकशेचाळीस."

मी खालून कण्हत म्हटलं, "अगं, टेकूचंही काही म्हणणं असेल की..."

"बाबा, त्याचं अंतर शून्य. तो धरायचाच नाही."

आता बोलायचं कुणाला? शिकवलं मीच ना.