लंडनचे दहा

टेंभुर्णीच्या स्टँडवर जालन्याची बस लागली, तरी भागवतरावांचे कान मागच्या बाकावरच्या मायलेकींकडेच होते.

"ज्योत्स्ना, लंडनच्या कॉलेजची मुलाखत साडेतीनला, असं मीच कॅलेंडरवर लिहिल्तं ना?"

"लिहिल्तं बराबर, आई. पण मार्चच्या शेवटी तिकडं घड्याळ तासभर पुढं करतात. वेबसाइटनं आपोआप अडीच केलं, अन् मी कॅलेंडरवरचे साडेतीनच धरून बसले."

"मंग आता?"

"मेल करू करू दुसरी तारीख घेतली. गुरुवारी. त्यांचे दहा, आपले अडीच. यावेळी चुकणार न्हाई."

"बिलकुल न्हाई. म्या घरातलं घड्याळच लंडनच्या टाइमावर लावलं."

"अगं, मंग बाबाचं जेवण?"

"गुरुवारपर्यंत तेबी लंडनच्या टाइमानं जेवतील."