धवलारणीचा रकाना

नाय नाय मास्तर, थांबा, तो टाक उचला आदी कागदावरनं! 'घरकाम' काय लिवता? लिवलंत? — मंग खोडा. सरकारनं तुमाला खानेसुमारीला धाडलं ना, माणसं मोजायला, कोण काय काम करतो ते लिवायला — मंग खरं लिवा. आमच्या ह्यांचं लिवलंत, शेती आन् गवताच्या वखारीत गाठी बांधणं. शेजारच्या गजाचं लिवलंत, कर्जत ठेसनात इंजिनाला पाणी भरतो. वर त्येला दोन डाव इचारलंत, पाणी म्हंजे नळानं का बादलीनं? आन् मी म्हणलं धवलारीण, तर 'घरकाम'! ही अंबाबाई काय चुलीफुडं बसून असते व्हय? बसते — पण ते येगळं. मनाला लागलं बघा माझ्या.

धवलारीण ठाऊक नाय? गाव कोणतं वो तुमचं? — पुण्याकडचं. मंग बराबर हाय. अवो, आमच्यात लगीन लावते ती धवलारीण. भट नाय, बाई! मांडव घातल्यापास्नं मी गाते — मांडवाचा धवला, हळदीचा धवला, देवांना आवतण, तांदूळ कोणी कांडले, हळद कुठनं आली, समदं गाण्यात सांगायचं, एक शबुद गाळायचा नाय. दोन दिस चालतं. घसा बसला तर सुंठ-गूळ, नायतर घोटभर ताडी — ते ताडीचं लिवू नका. आन् शेवटचा धवला म्हणला की मंग ती दोघं नवरा-बायको. त्याच्या आदी नाय! अक्षता पडू दे, जेवणं होऊ दे, शेवटच्या धवल्याबिगर दोघं परकीच.

हसता काय? लोधिवलीत इचारा जाऊन. गेल्या साली जयवंताच्या पोराचं लगीन — पोरगा मुंबईला गिरणीत, रजा दोनच दिसांची, म्हणून जयवंतानं भट आणला. तुमचा च्या पिऊन व्हायच्या आत लगीन लागलं! मी तितंच मांडवात उभी ऱ्हायले, म्हणलं, ह्ये लगीन नाय, ह्ये जेवणाचं आवतण. नवरीच्या आयनं ऐकलं, पोरीला घरात घेतली, दार लावलं. चार दिस! पोराची रजा गेली, मुकादमानं शिव्या घातल्या. शेवटाला नारळ घेऊन आला का नाय जयवंता ह्याच दाराशी? आला! मंग मी गायले, मंग नवरी नांदायला गेली. नियम म्हंजे नियम. वीस वरसं झाली मास्तर, तीनशे लगनं लावली आसतील, एक बी अर्धं सोडलं नाय.

आं? माझं? — माझं लगीन आमच्या ठमीआयनं लावलं, ह्याच गावची धवलारीण, माझी गुरू. काय आवाज होता वो तिचा! वैशाखातलं लगीन, आंब्याखाली मांडव, आन् जेवणाची चूल पेटवली बराबर आग्यामोहोळाखाली. धूर गेला वर, माश्या आल्या खाली! नवरा गवताच्या गंजीत, मी त्येच्या मागं, वऱ्हाड खाचरातनं पळतंय, सासरा विहिरीत उतरला तो तिन्हीसांजेला वर आला — आन् ठमीआयच्या ओठावर चार माश्या! तोंड ह्ये एवढं! पाणी आत जाईना, गाणं भाइर कसं येणार? हातानं खुणा करून म्हणली, सूज उतरली की म्हणू शेवटचा. मंग भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे होते, मंग पेरणी, मंग लावणी. मंग म्हणली दिवाळीला. दिवाळीच्या आदीच गेली बिचारी, आन् तो धवला तसाच —

टाक का थांबला मास्तर?

ते लिवायचं नव्हतं वो. बोलण्याच्या भरात बोलले मी. — दुसरी धवलारीण? ह्या गावात दुसरी म्हंजे मीच, आपल्याच लगनाचा धवला आपण कसा म्हणायचा? आन् परगावची आणावी, तर जयवंताला कळंल, तो नारळ घेऊन नाय, ताशे घेऊन येईल दाराशी! — काय म्हणता? शेवटचा धवला नसला तरी लगीन झालंच म्हणून धरू? तसं बी चालतं? म्हंजे मंग त्या भटानं लावलेलं बी लगीनच. आन् जयवंताच्या सुनेला मी चार दिस उगाच रडवली. मंग वीस वरसं मी करते काय? मांडवात बसून ताडी पिते?

थांबा. जरा गप ऱ्हावा. मला इचार करू दे.

लिवा. त्या लगनाच्या रकान्यात लिवा — झालेलं नाय. लिवा वो, मी सांगते ना! आन् कामाच्या रकान्यात, मोठ्या अक्षरात, धवलारीण. लिवलं? दावा बरं. — मला कुठं वाचता येतंय, पण दावा. हां. आता दिसतंय कायतरी.

ते बघा, आमचे ह्ये आले बांधावरनं. आटपा, दौत उचला, त्यांना काय बी वाचून दावू नका. — पोरं? पोरं पाचच्या पाच लिवा की, त्यांना कुठं धवला लागतो! निघा आता.