पारा शून्यावर

१९८२. दोह्याच्या पोस्टातला पंखा झोपेत फिरावा तसा फिरत होता. रांगेत माझ्यापुढे वायरमन धोंडीराम आणि त्याचा खोलीसोबती, फिटर रहमान.

"लेकीला पत्र, धोंडीबा?"

"होय, रहमानभाई. दहावीची प्रयोगवही आहे तिची. बर्फाला आच दिली, पण पाच मिनिटं पारा शून्यावरच. आपलंच चुकलं म्हणून एक, दोन, तीन असे आकडे भरायला निघालीय."

"भरू दे की. मार्क तरी मिळतील."

"नको. शून्यच ठेव म्हणून लिहिलंय. उष्णता बर्फ वितळवण्यात खर्ची पडते, पाऱ्यावर दिसत नाही. अप्रकट उष्मा म्हणतात तिला."

"घरी जाऊन किती वर्षं झाली रे तुला?"

"चार."

"आणि अनुमानाच्या रकान्यात काय लिहायला सांगितलंस?"

"उष्णता पोचत असते."