शनीला किल्ली देणारा

तर मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. माणसाला खरं हवं असतं, की आपलंच खरं व्हायला हवं असतं?

हां, सावकाश! लगेच माना हलवू नका. "खरंच हवं असतं हो, बुवा!" असं सगळेच म्हणतात. पण घरी नवराबायकोचं भांडण जुंपलंय, आणि ऐन भांडणात आपल्या लक्षात आलं की चूक आपलीच आहे — तर काय करतो आपण? गप्प बसतो? छे! आवाज वाढवतो! हसलात ना? म्हणजे कालपरवाच झालंय.

ऐका मग. तापीच्या काठी एक गाव. नाव नाही सांगत, नाहीतर ती मंडळी पुढच्या वर्षी मला कीर्तनाला बोलवायची नाहीत. त्या गावात मुरलीधर घड्याळजी. गाव त्यांना मुरलीअण्णा म्हणायचं. बसस्टँडसमोर टपरीएवढं दुकान, डोळ्याला भिंग, बोटांत चिमटा. मेलेलं घड्याळ त्यांच्या हातात द्या, टिकटिक करत परत येणार! पण पुढं मोबाइल आले, मनगटं रिकामी झाली, आणि अण्णाही रिकामे झाले. आणि रिकामा माणूस काय करतो? — बरोब्बर! मोबाइल बघतो!

एक दिवस त्या मोबाइलवर अण्णांनी बघितलं की शनीच्या कड्यांमध्ये परग्रहावरच्या लोकांची यंत्रं दडलेली आहेत. अवाढव्य यंत्रं! तीच म्हणे ती कडी तयार करतात, आणि जगातली सरकारं हे आपल्यापासून लपवतात. तुम्ही-आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण अण्णा पडले घड्याळजी! ते म्हणाले, "कडं फिरतंय ना? म्हणजे ते चाक. चाक आलं म्हणजे यंत्र आलं. आणि यंत्र आहे, तर त्याला किल्ली देणारा कोणीतरी असणारच!" झालं! बसलं डोक्यात!

कोणी विचारलं, "अण्णा, पुरावा काय?" तर म्हणायचे, "फोटोत काळा डाग दिसतो, तेच यंत्र." — "आणि डाग नसेल त्या फोटोत?" — "तिथं लपवलंय!" आता बोला! डाग असला तरी यंत्र, नसला तरी यंत्र! अशा माणसाशी वाद घालायची ब्रह्मदेवाची टाप आहे का?

शनीच्या देवळातला गुरव भडकला. म्हणाला, "अण्णा, आमच्या देवाला कारखाना म्हणता?" अण्णा शांतपणे म्हणाले, "मग तुम्ही दर शनिवारी तेल कशाला घालता? यंत्राला तेल लागतंच की!" पेटीमास्तर, हसू नका, तुम्ही पण शनिवारी बाटली घेऊन जाता, मी बघितलंय.

इथवर सगळी गंमत होती हो. एका माणसाच्या डोक्यात एक खूळ, कोणाचं काय जातंय? पण गंमत दुकानाच्या भिंतीपलीकडं गेली. भिंतीपलीकडं होता सुपडूभाऊ शिंपी. दोघांचं बालपणापासूनचं मैत्र. एका डब्यात जेवायचे, एकाच्या चहात दुसऱ्याचा वाटा. सुपडूभाऊ साधा माणूस. अण्णा म्हणतील ती पूर्व दिशा! आणि त्या सुपडूभाऊच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सुईत दोरा जाईना. मग रोज सकाळी अण्णा भिंग लावून त्याच्या सुया ओवून ठेवायचे. बघा प्रेम कसं!

तालुक्याला डोळ्यांचं शिबिर लागलं. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू पिकत चाललाय, वेळ काढू नका. पिकून फुटला तर डोळा जाईल." सुपडूची बायको इंदूवहिनी अण्णांच्या दुकानात आली, पदर सावरून उभी राहिली. "भावजी, हे माझं ऐकत नाहीत. तुम्ही एक शब्द टाका. तुम्ही सांगितलंत तर उद्याच जातील."

एक शब्द, मंडळी! एक शब्द मागितला त्या बाईनं. आणि अण्णा काय म्हणाले? "वहिनी, चाकू कशाला लावता डोळ्याला? थोडी कळ काढा. पुढच्या महिन्यात एका शनिवारी शनी पृथ्वीच्या अगदी जवळ येतोय. त्या शनिवारी यंत्राचे किरण सरळ खाली येणार. मोतीबिंदू विरघळून जाईल!" कुठून आणलं हे? मोबाइलवरसुद्धा नव्हतं! अण्णांनी स्वतःच जुळवलं होतं. आणि एकदा तोंडातून निघालं ना, की त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं. वहिनी डोळे पुसून निघून गेली. शिबिर आलं तसं गेलं.

तो शनिवार उजाडला. आणि योग बघा! हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी आकाशदर्शन ठेवलेलं. जिल्ह्याहून शलाका नावाची मुलगी आली, ही एवढी मोठी दुर्बीण घेऊन. दिवस मावळला, मैदानात रांग लागली. एकेक जण डोळा लावतोय, "आई गं!" म्हणून मागं सरतोय. शनीचं कडं अगदी कोरून ठेवल्यासारखं दिसत होतं. शलाका हसत म्हणाली, "अण्णा, तुमच्या यंत्राबद्दल फार ऐकलंय. या ना, तुम्हीच बघा."

अण्णा जागचे हलले नाहीत! म्हणाले, "मला बघायची गरज नाही. मला माहीत आहे."

का हो हलले नाहीत? आतून भीती वाटली. बघितलं, आणि नसलंच तर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं! मंडळी, आपणही असंच करतो. रक्ताची तपासणी करायला का जात नाही? साखर निघेल म्हणून! न तपासता लाडू गोड लागतो.

पण गाव सोडतंय होय? "अण्णा घाबरले! अण्णा घाबरले!" अण्णांनी सुपडूभाऊचा हात धरला आणि पुढं आणलं. "माझ्याऐवजी हा बघेल! आज किरण सरळ याच्या डोळ्यात उतरतील. याला दिसलं, की तुम्हाला पुरावा मिळाला, आणि याला डोळे!"

आता काय झालं, नीट ऐका. पोरं रांगेत दंगा करत होती, धुरळा उडत होता, म्हणून शलाकानं मघाशीच दुर्बिणीच्या तोंडावर झाकण लावलेलं. ते काढण्याआधीच सुपडूभाऊनं चाचपत चाचपत डोळा लावला. आणि सुपडूभाऊ ओरडला, "दिसलं! अण्णा, दिसलं! केवढं थोरलं चाक! त्याला दाते आहेत! आणि, आणि किल्ली देणारा पण दिसतोय!"

टाळ्या पडल्या! शिट्ट्या वाजल्या! गुरवानंसुद्धा हात जोडले. अण्णांची छाती ही एवढी झाली. किरण लागतात का बघावं म्हणून त्यांनी ऐटीत दुर्बिणीच्या तोंडाशी हात नेला. बोटांना काय लागलं? झाकण!

घड्याळजीची बोटं ती, त्यांना चुकायचं नाही. त्यांनी शलाकाकडं बघितलं. तिलाही कळलं होतं. पण ती सुपडूभाऊच्या पांढुरक्या बुबुळांकडं बघत राहिली.

अण्णा जिंकले होते, मंडळी! फक्त गप्प बसायचं होतं. आणि खोटं कशाला बोलू, थोडा वेळ ते गप्प बसलेही. टाळ्या कोणाला नको असतात? मलाही हव्या असतात. मग ते सुपडूच्या कानाशी वाकले. "सुपड्या, खरं सांग. तुला किती दिसतं रे?"

"तू दिसतोस की," सुपडू म्हणाला.

"कुठं आहे मी?"

सुपडूभाऊनं हात पुढं केला, तो भलतीकडंच. म्हणाला, "आवाजावरून कळतं मला."

"मग खोटं का बोललास?"

"चार लोकांत तुझी मान खाली गेली असती रे, अण्णा."

अरे, काय माणूस म्हणावा हा! डोळे जायची वेळ आली, आणि याला काळजी मित्राच्या मानेची! अण्णांना रडूच फुटलं. रोज सुया ओवत होतो, रोज बघत होतो, आणि तरी मी याला थांब म्हणालो! ते तसेच गर्दीकडं वळले आणि ओरडले, "झाकण आहे! दुर्बिणीला झाकण आहे! याला काही दिसलेलं नाही! यंत्र नाही, किरण नाही, मला काहीसुद्धा माहीत नाही! माझं ऐकून याचे डोळे चाललेत! गाडी काढा कोणीतरी!"

गाव हसलं का? हसलं! पोटं धरून हसलं. हसणाऱ्यांच्या मधून अण्णा मित्राचा हात धरून चालत गेले. इंदूवहिनी मागोमाग. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाची मान खाली होती आणि मला विचाराल तर तेव्हाच तो सगळ्यात उंच दिसत होता.

ऑपरेशन झालं. डावा डोळा वाचला. उजवा नाही वाचला. डॉक्टर म्हणाले, "शिबिराच्या वेळी आला असतात तर दोन्ही वाचले असते." अण्णा तिथंच भिंतीला टेकून बसले. पट्टी सुटली तेव्हा सुपडूभाऊनं त्यांच्याकडं एका डोळ्यानं टक लावून बघितलं आणि म्हणाला, "अरे अण्णा, तू एवढा म्हातारा कधी झालास?"

हसता काय! आता तुमच्याकडं वळतो. मुरलीअण्णाला हसणं सोपं आहे, त्याचं यंत्र फार लांब होतं. तुमचं किती लांब आहे? साखरेच्या गोळ्या बंद कर, कारल्याचा रस घे, असं जावेला कोण म्हणालं? छातीत दुखतंय तर तो नुसता गॅस आहे, हे भावाला कोणी सांगितलं? डॉक्टर लुटतात म्हणून काकांना घरी कोणी बसवलं? बाई, तुम्ही खाली बघू नका, मी नाव घेत नाहीये! तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून आज कोणीतरी घरात बसलंय. प्रेमापोटी बसलंय, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बसलंय. त्याला एवढंच सांगायचंय, "मला माहीत नव्हतं, मी उगीच बोललो, तू दवाखान्यात जा." एवढं म्हणायला जीभ उचलत नसेल, तर त्या जिभेनं विठ्ठल म्हणून विठ्ठलाला तरी काय आनंद होणार?

टाळकरी, जरा थांबा. मृदंगावरचा हात खाली घ्या. मंडळी, मोबाइल काढा. हो, भर कीर्तनात काढा, आज बुवाच सांगतोय. ज्याला करायचाय त्याला आत्ता, इथं बसूनच फोन करा. आरती थांबेल. डोळा थांबत नाही.